मक्याची न दिसणारी भूक

पाऊस सुरू झाला की अंधेरी, घाटकोपर, मुलुंडच्या स्टेशनांबाहेर कोळशावर कणसं भाजली जातात. लिंबू-मीठ-तिखट चोळलेलं ते कणीस दाण्यांनी भरायला झाडाला जस्त, म्हणजे झिंक, लागतं. अगदी थोडं. पण ते मिळालं नाही तर काय होतं, हे कळायला विसावं शतक उजाडलं.

१९१४ च्या सुमारास पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या पिएर माझे यांनी मक्याची रोपं मातीविना, पाण्यात वाढवून दाखवलं की जस्ताशिवाय ती नीट वाढत नाहीत. शेतापर्यंत ही गोष्ट पोचायला आणखी वीस वर्षं गेली. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या फ्लोरिडात मक्याचे कोवळे कोंब पांढरे पडत. जमिनीत जस्ताचा क्षार घातल्यावर ते हिरवे निघू लागले.

आपल्याकडे हा धडा भातानं शिकवला. हिमालयाच्या पायथ्याशी, पंतनगरच्या शेतांत भाताच्या पानांवर काताच्या रंगाचे डाग पडत आणि पीक खुजं राही. लोक त्याला ‘खैरा’ रोग म्हणत. यशवंत लक्ष्मण नेने हे वनस्पतीरोगांचे अभ्यासक. त्यांनी १९६६ साली मांडलं की यामागे बुरशी किंवा विषाणू नाही, जस्ताची कमतरता आहे. झिंक सल्फेट आणि चुन्याच्या फवारणीनं पीक सुधारलं.

हाच काळ संकरित वाणांचा. भारतातले पहिले संकरित मके १९६१ साली आले. उत्पन्न वाढलं तसं जमिनीतून जस्तही जास्त जाऊ लागलं. रासायनिक खतांतून नत्र, स्फुरद, पालाश परत मिळे, जस्त नाही. शेणखतातून थोडंफार येई, पण तेही कमी होत गेलं.

तसं पाहिलं तर महाराष्ट्राच्या काळ्या जमिनीत जस्ताची वाण नाही. हेक्टरभर रानाच्या वीतभर थरात ते शंभर किलोहून अधिक असू शकतं, आणि पाच टन मक्याच्या दाण्यांतून जातं जेमतेम शंभर-सव्वाशे ग्रॅम. अडचण वेगळीच आहे. चुनखडीच्या, जास्त सामूच्या मातीत जस्त कणांना घट्ट धरून बसतं, पाण्यात फारसं उतरत नाही. मुळांना ते अगदी जवळचंच घेता येतं. त्यात स्फुरद बेसुमार टाकलं की उचल आणखी घटते. मग कोवळ्या पानांवर मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना फिकट पट्टे उमटतात.

ते पट्टे पाहून रोगाचं औषध आणलं तर पैसे जातात आणि हंगामही हातचा जातो. २०१५ पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत जस्ताचा आकडा असतो. एक किलो मातीत उपलब्ध जस्त साधारण ०.६ मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल, तर जमीन उपाशी समजावी. फवारणीचा पंप पाठीवर घेण्याआधी तेवढी एक ओळ वाचली, तरी नेन्यांचं काम बांधापर्यंत पोचलं म्हणायचं.