लायटरपासून बटणापर्यंत

चार्जरची तुटलेली वायर जोडली की दुरुस्तीवाला तिच्यावर एक काळी नळी सरकवतो आणि खाली लायटर धरतो. नळी आक्रसते, वायरला घट्ट बसते. हे मी कितीदा तरी पाहिलंय. पण ती नळी आपला जुना आकार ‘आठवत’ असते, हे मला फार उशिरा कळलं.

ती मुळात बारीकच असते. कारखान्यात पॉलिथिलीनच्या रेणूंच्या साखळ्या किरणांचा मारा करून एकमेकींना जोडतात, मग नळी गरम करून फुगवतात आणि तशीच थंड करतात. पुन्हा उष्णता मिळाली की साखळ्या मोकळ्या होतात आणि त्यांच्यातले जोड तिला जुन्या मापावर ओढून आणतात. हा धंदा १९६०च्या दशकात वाढला. त्याआधी, १९४१ मध्येच, अमेरिकेत दातांच्या कामासाठी आकार आठवणाऱ्या प्लास्टिकचं पेटंट निघालं होतं.

म्हणजे स्मृती जुनीच. अडचण लायटरची होती. यंत्राच्या पोटात किंवा अंतराळात तो कोण धरणार? तारेतून वीज गेली की किती उष्णता निघते, हे जेम्स जूलने १८४०च्या सुमारास मोजलं होतं. पण प्लास्टिक वीज वाहू देत नाही. म्हणूनच तर आपण ते वायरवर चढवतो.

वाट कार्बनने काढली. २००५ मध्ये दक्षिण कोरियातल्या कोंकुक विद्यापीठातल्या संशोधकांनी पॉलियुरेथेनमध्ये वजनाने ५ टक्के कार्बन नॅनोट्यूब मिसळल्या. एकमेकींना टेकलेल्या नळ्यांतून विजेला रस्ता मिळाला. ४० व्होल्ट दिल्यावर वाकवलेली पट्टी सुमारे १० सेकंदांत मूळ आकारात आली. मात्र कार्बन जास्त झाला, तर प्लास्टिक ताठर होतं आणि आकार नीट परतत नाही. वीज वाढवायची, तर स्मृती घटते. हा तोल सांभाळण्यातच पुढची वर्षं गेली.

डिसेंबर २०१९ मध्ये चीनचा शिजियान-२० उपग्रह गेला. त्यावरचं गुंडाळलेलं सौर पॅनेल हार्बिनच्या संशोधकांनी बनवलेल्या अशाच आकार आठवणाऱ्या संमिश्राने अंतराळात उलगडलं.

तिथे एकदाच उलगडणं पुरेसं होतं. स्नायूचं तसं नसतं. त्याला परत आखडावंही लागतं. यातली बहुतेक प्लास्टिकं उलगडतात आपली आपण, पण पुन्हा दुमडायला बाहेरून जोर लावावा लागतो. लायटर सुटला, हात अजून सुटलेला नाही.