रेसची वायर कुठे गेली?

खानदेशातल्या कोणत्याही गॅरेजात तासभर बसले तर एक तक्रार हमखास कानावर पडते : 'गाडी रेस घेत नाही.' रेस हा आपल्या मिस्त्री लोकांचा मोठा सोयीचा शब्द आहे. पायाखालचे पेडल म्हणजे रेस, इंजिनाचा वेग म्हणजे रेस आणि तो वेग वाढवणे म्हणजेही रेस. एका शब्दात तीन अर्थ सुखाने नांदत होते, कारण प्रत्यक्षातही या तीन गोष्टी एका पोलादी तारेने एकमेकींना बांधलेल्या होत्या. पाय दाबला की तार ओढली जाई, झडप उघडे आणि इंजिन पळू लागे.

गेल्या वीस वर्षांत ही तार बहुतेक मोटारींतून नाहीशी झाली. तक्रारीचे शब्द मात्र तेच राहिले. म्हणून दुरुस्ती करणाऱ्याची खरी अडचण अशी असते की, गाडी रेस घेत नाही म्हणजे नेमके कोण कोणाचे ऐकत नाही? हा प्रश्न कसा निर्माण झाला ते समजून घ्यायला थोडे मागे, अगदी वाफेच्या इंजिनांपर्यंत जावे लागेल.

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि जळगाव ही कापसाची मोठी बाजारपेठ बनली. तेव्हा जळगाव आणि धुळे हे वेगळे जिल्हे नव्हते. खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग १९०६ साली झाले. रेल्वे आली, तिच्यापाठोपाठ सरकी काढण्याचे आणि गासड्या बांधण्याचे कारखाने आले, आणि १८७० च्या दशकात जळगावात मूळजी जेठा यांची कापड गिरणी उभी राहिली. हे नाव आज आपण महाविद्यालयाच्या पाटीवर वाचतो.

अशा कारखान्यातले वाफेचे इंजिन एका लांब दांड्याला फिरवी आणि त्या दांड्यावरून पट्टे टाकून सगळी यंत्रे चालत. आता कल्पना करा, एकाच वेळी दहा यंत्रांचे पट्टे काढले. इंजिनावरचा भार एकदम उतरला, पण वाफ तेवढीच येते आहे. इंजिन उधळणार. उलट भार वाढला तर ते मंदावणार आणि सूत तुटणार. वाफेची झडप सतत कमी-जास्त करत बसणारा माणूस कितीही दक्ष असला तरी या कामाला पुरा पडत नाही. ते काम गव्हर्नर करी. उभ्या दांड्याला दोन्ही बाजूंना लटकलेले दोन जड गोळे. दांडा जोरात फिरला की गोळे बाहेर फेकले जातात, वर चढतात आणि तरफेने वाफेची झडप थोडी मिटतात. वेग उतरला की गोळे खाली येतात, झडप उघडते. जेम्स वॉटने हे साधन १७८८ साली इंजिनाला जोडले. कल्पना मुळात त्याची नव्हती. पिठाच्या पवनचक्क्यांत जात्याच्या दोन तळ्यांमधील अंतर राखण्यासाठी असे गोळे आधीपासून वापरले जात होते. (जात्यावरून इंजिनावर आलेली ही कल्पना पुढे आपल्याकडे इंजिनावरच्या पिठाच्या गिरणीत परत आली, ही गंमतच.)

गव्हर्नरला एक खोड होती. काही इंजिने त्याच्यामुळे स्थिर होण्याऐवजी झुलू लागत : वेग वाढे, मग फार कमी होई, पुन्हा वाढे. जेम्स क्लार्क मॅक्सवेल या थोर भौतिकशास्त्रज्ञाने १८६८ साली या प्रश्नाचे गणित मांडले. गणित आपण सोडून देऊ. त्यातून निघणारी एक गोष्ट साध्या शब्दांत अशी सांगता येईल : दुरुस्ती उशिरा पोहोचली आणि गरजेपेक्षा जास्त झाली, तर दुरुस्तीच चुकीला वाढवते. गरम-थंड पाण्याचे दोन नळ जुळवताना आपण सारे हा अनुभव घेतो. मॅक्सवेलचे हे झुलणे लक्षात ठेवावे. ते पुढे पुन्हा भेटणार आहे.

मोटारीत मात्र काही काळ उलटे घडले. पेट्रोलच्या मोटारीत कार्बोरेटरच्या नळीत एक गोल चकती असते, तिला फुलपाखरी झडप म्हणतात. ती तिरपी होईल तेवढी हवा आत जाते आणि हवेच्या ओढीने पेट्रोलही जाते. या झडपेला गोळे नव्हते. तारेचे एक टोक झडपेला आणि दुसरे पेडलला, म्हणजे चालक स्वतःच गव्हर्नर. चढ आला की तो पाय दाबतो, उतार आला की सैल सोडतो. मालमोटारींची गोष्ट वेगळी. टाटांच्या मर्सिडीज-बेंझ मालमोटारी १९५४ पासून जमशेदपूरला बनू लागल्या. त्यांच्या डिझेल इंजिनात हवेऐवजी डिझेलचे प्रमाण बदलले जाई आणि डिझेल पंपातच गव्हर्नर बसवलेला असे. विहिरीवरच्या किर्लोस्कर इंजिनातही वॉटच्या गोळ्यांचा लहानसा अवतार असतोच. यावल-रावेरकडे केळीच्या बागांना पाणी देणारे इंजिन पाण्याची ओढ वाढली की आपोआप जोर धरते ते त्याच्यामुळे.

धुळे हे दोन मोठ्या रस्त्यांचे नाके. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे रस्ते तिथे एकमेकांना छेदतात. त्यामुळे इथली गॅरेजे अनेक प्रांतांच्या गाड्यांवर शिकली. तारेच्या काळातले निदान डोळ्यांनी आणि कानांनी होई. एकाने रेस दाबायची, दुसऱ्याने बॉनेट उघडून झडप हलते का ते पाहायचे. तार तुटली, अडकली, परतीची स्प्रिंग सैल झाली, याहून चौथे कारण क्वचितच. रस्त्यात तार तुटली तर सुतळी बांधून गाडी घरी नेणारे चालक आजही भेटतात. आम्हाला या ज्ञानाविषयी आदर आहे. ते अडाणी ज्ञान नव्हते. यंत्रच असे होते की त्याचा सगळा कारभार उघड्यावर चाले.

बदल आला तो धुरामुळे. धुरातील विषारी वायू कमी करणारे उत्प्रेरक धुराड्यात बसवायचे तर इंजिनातले मिश्रण फार काटेकोर लागते : एक भाग पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा. कार्बोरेटरला ही शिस्त जमणे कठीण. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील नव्या मोटारींना युरो मानके लागू केली आणि त्या सुमारास आपल्याकडच्या छोट्या मोटारींतही कार्बोरेटर जाऊन पेट्रोल फवारणारे इंजेक्टर आले. तरी तार होती. संगणक पेट्रोल मोजी, हवा मात्र चालकाचा पायच ठरवी. पुढची पायरी म्हणजे हवाही संगणकाच्या हाती देणे. बीएमडब्ल्यूने १९८७ च्या बारा सिलिंडरी मोटारीत हे केले होते. भारतात २००८ च्या होंडा सिटीसारख्या मोटारींपासून ते मध्यमवर्गाच्या दारात आले.

या रचनेत पेडल काहीच ओढत नाही. ते फक्त एक व्होल्टेज पाठवते. संगणक ते वाचतो, इंजिनाची अवस्था पाहतो आणि झडपेवर बसवलेल्या छोट्या मोटरला हुकूम देतो. झडप खरोखर किती उघडली हे सांगणारे व्होल्टेज परत येते. म्हणजे पाय आता हुकूम देत नाही, अर्ज करतो! मंजुरी संगणकाची.

पण अर्जच खोटा असला तर? सेन्सरची वायर उघडी पडून चुकीचे व्होल्टेज गेले तर गाडी सुसाट सुटायची. म्हणून अभियंत्यांनी एकाच्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा नाही असे ठरवले. पेडलला दोन सेन्सर, झडपेलाही दोन. बऱ्याच गाड्यांत पेडलच्या एका सेन्सरचे व्होल्टेज दुसऱ्याच्या दुप्पट असते. झडपेच्या दोघांपैकी एकाचे चढते तेव्हा दुसऱ्याचे उतरते आणि बेरीज ५ व्होल्टच्या आसपास राहते. दोन साक्षी जुळल्या नाहीत की संगणक मोटरची वीज तोडतो, स्प्रिंग झडपेला किंचित उघड्या स्थितीत आणून ठेवते आणि गाडी रांगत का होईना घरी पोहोचते. चालक म्हणतो, गाडी बिघडली. खरे तर ती ठरवल्याप्रमाणेच वागते आहे.

हा अविश्वास अनाठायी नव्हता. २००९-१० मध्ये अमेरिकेत टोयोटाच्या मोटारी आपोआप वेग घेतात अशा तक्रारींचा गदारोळ झाला. अडकणारी पेडले आणि पायाखाली सरकणाऱ्या चटया यांसाठी लाखो मोटारी परत बोलावल्या गेल्या. 'नासा'च्या अभियंत्यांनी इलेक्ट्रॉनिक भाग तपासले. २०११ च्या त्यांच्या अहवालानुसार मोटार एकाएकी सुसाट सुटावी असा इलेक्ट्रॉनिक दोष सापडला नाही. मात्र एका पेडलच्या सेन्सरमध्ये कथिलाच्या मुलाम्यावर उगवलेल्या केसाएवढ्या तंतूने दोन संपर्क जोडले गेलेले आढळले. २०१३ साली ओक्लाहोमातील एका खटल्यात, संगणकाच्या आज्ञावलीतील दोषांविषयी तज्ज्ञाची साक्ष झाल्यानंतर, ज्यूरीने कंपनीविरुद्ध निर्णय दिला. तेव्हा वाद पुरता मिटला असे म्हणता येत नाही. दोन साक्षीदार ठेवण्याची युक्ती चांगली आहे, पण दोघांचे ऐकणारा न्यायाधीश एकच असतो, हे यातून दिसले.

आता खानदेशात परत येऊ. १ एप्रिल २०१० रोजी भारत स्टेज ४ ही मानके देशातल्या तेरा शहरांना लागू झाली. त्या यादीत मुंबई होती, आग्रा होते, सुरत होती. महाराष्ट्रातली पुणे आणि सोलापूरही होती. रस्त्यांची टोके यादीत आणि मधले धुळे-जळगाव बाहेर! सगळ्या देशाला ही मानके लागू झाली ती २०१७ साली. मोटारीने स्वतःचे दोष स्वतः नोंदवायचे आणि एका ठरावीक सॉकेटमधून ते सांगायचे, ही सक्ती याच मानकांबरोबर टप्प्याटप्प्याने आली. आमच्या मते याचा एक परिणाम पुरेसा बोलला गेलेला नाही. शहरातल्या कंपनीच्या कार्यशाळांना ही यंत्रणा नवी असताना, प्रशिक्षणासह भेटली. लहान गावांतल्या गॅरेजांना ती बऱ्याचदा दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हातची, झिजलेली आणि कोणीतरी आधी हात घातलेली अशी भेटली.

समजा, अशी बारा वर्षांची एक मोटार मे महिन्यात अजिंठा चौफुलीजवळच्या गॅरेजात आली. मध्येच रेस जाते, दिवा लागतो, बंद करून चालू केली की नीट चालते. स्कॅनर लावला, पी २१३५ असा कोड आला. त्याचा अर्थ झडपेच्या दोन सेन्सरांची साक्ष जुळत नाही. इथे घाई केली तर अख्खी थ्रॉटल बॉडी बदलली जाते, काही हजारांचा भाग, आणि आठवड्याने दिवा पुन्हा लागतो. कारण कोडने तंटा कळवला होता, गुन्हेगार कळवला नव्हता. पी २१३८ आला असता तर तोच तंटा पेडलच्या सेन्सरांचा.

शहाणा कारागीर आधी बॅटरी पाहतो. इथल्या उन्हात बॅटऱ्या लवकर म्हाताऱ्या होतात. स्टार्टर मारताना व्होल्टेज फार खाली गेले तर संगणक भलतेच कोड नोंदवतो. मग अर्थची वायर, कनेक्टरच्या गंजलेल्या पिना, आणि उंदरांनी कुरतडलेली वायरिंग. दोन्ही सेन्सरांची अर्थ एकच असेल तर एका सैल जोडाने दोघांचीही साक्ष बिघडते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. नंतर इग्निशन चालू ठेवून, इंजिन बंद असताना, पेडल अगदी सावकाश दाबत दोन्ही व्होल्टेजे पाहायची. एखाद्या जागी आकडा उडी मारतो का? वायरिंग हलवल्यावर मारतो का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर होय असेल तर सेन्सर झिजला, दुसऱ्याचे असेल तर दोष तारेत. या दोन प्रश्नांना दहा मिनिटे लागतात आणि साधा मल्टीमीटर पुरतो.

दुसरी नेहमीची तक्रार म्हणजे उभ्या गाडीत रेस आपोआप वर-खाली होणे. हेच ते मॅक्सवेलचे झुलणे. इंजिनातून परत येणाऱ्या तेलकट वाफांनी फुलपाखराच्या कडेला काजळी धरते, त्यात आपला फुफाटा मिसळतो. मंद वेगाला लागणारी हवा या कडेच्या बारीक फटीतूनच जाते. फट बुजू लागली की संगणक झडप थोडी जास्त उघडायला शिकतो, आणि एका मर्यादेनंतर त्याचा अंदाज उशिरा व जास्त होऊ लागतो. इलाज स्वच्छ करण्याचा. पण साफ केल्यावर पुष्कळदा रेस आणखी चढते आणि मालक रागावतो! फट मोकळी झाली, संगणक मात्र जुन्या सवयीने जास्तच उघडतो आहे. त्याला नव्याने शिकवण्याची प्रत्येक कंपनीची ठरलेली कृती असते, ती करावी लागते. इग्निशन चालू असताना झडपेत बोट घालू नये. मोटर आणि आतली दातेरी चाके दोन्ही बोटाचे नुकसान करतात, आणि चाके प्लॅस्टिकची असली तर बोट त्यांचे.

दोन साक्षींचा हा खेळ वर्गात करता येतो. जुन्या स्टिरिओत एकाच दांड्यावर दोन पोटेन्शिओमीटर असलेले आवाजाचे बटण मिळते. मोबाइलच्या जुन्या चार्जरचे ५ व्होल्ट दोघांना द्यावेत, पण एकाला उलटे. मधल्या पायांना एकेक मल्टीमीटर लावून दांडा फिरवावा. दोन आकड्यांची बेरीज ५ राहिली पाहिजे. बहुधा राहीलच : आवाजाचे बटण कानाच्या सोयीने लॉगरिथमी बनवलेले असते, तरी दोन्ही पोटेन्शिओमीटर एकसारखेच बदलत असल्यामुळे बेरीज फारशी ढळत नाही. विद्यार्थ्यांना कारण शोधू द्यावे आणि मग दुकानातून 'बी' अक्षराचे, सरळ प्रमाणात बदलणारे, पोटेन्शिओमीटर आणून पुन्हा मोजावे. शेवटी एका पोटेन्शिओमीटरची अर्थची वायर हळूच सैल करावी आणि कोणती वायर सुटली हे केवळ दोन आकड्यांवरून ओळखायला सांगावे.