फुलब्राइट स्कॉलरशिप माहितीये, पण व्हिएतनाम युद्धावर सरकारला टीव्हीसमोर जाब विचारणारे फुलब्राइट माहितीयेत का?

अमेरिकेत शिकायला जायचं म्हटलं की पुण्या-मुंबईच्या पोरांच्या तोंडी एक नाव हमखास येतं, फुलब्राइट. १९४६ साली सुरू झालेली ही स्कॉलरशिप भारतात २००८ पासून फुलब्राइट-नेहरू या नावाने ओळखली जाते. ती ज्यांच्या नावाने आहे ते जे. विल्यम फुलब्राइट होते आर्कान्सा राज्याचे सिनेटर. १९५९ ते १९७४ अशी सलग पंधरा वर्षं ते सिनेटच्या परराष्ट्र संबंध समितीचे अध्यक्ष राहिले. त्याच खुर्चीत बसून त्यांनी आपल्याच पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाला अडचणीत आणलं.

सुरुवात मात्र उलटी झाली होती.

२ ऑगस्ट १९६४ रोजी व्हिएतनामजवळ टोंकिनच्या आखातात उत्तर व्हिएतनामच्या बोटींनी अमेरिकेच्या मॅडॉक्स या युद्धनौकेवर हल्ला केला. दोनच दिवसांनी, ४ ऑगस्टला, पुन्हा हल्ला झाल्याची बातमी आली. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी लगेच संसदेकडे ठराव मागितला. त्या भागातलं आक्रमण रोखायला राष्ट्राध्यक्षांना योग्य वाटेल ती पावलं उचलता यावीत, असा त्याचा अर्थ. थोडक्यात, सही करून दिलेला कोरा चेक.

हा ठराव सिनेटमध्ये पास करून घ्यायचं काम फुलब्राइट यांच्याकडे होतं. जॉन्सन त्यांचे जुने मित्र. चर्चेत गेलॉर्ड नेल्सन या सिनेटरने दुरुस्ती सुचवली, की युद्ध वाढवायचा इरादा नाही असं ठरावात लिहून टाकू. फुलब्राइट यांनी समजूत घातली, तसा इरादा नाहीच, आता दुरुस्ती केली तर उशीर होईल. ७ ऑगस्टला ठराव पास झाला. खालच्या सभागृहात ४१६ विरुद्ध ०, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २. विरोधातले ते दोघे म्हणजे वेन मोर्स आणि अर्नेस्ट ग्रूनिंग.

पुढच्या दीड वर्षात काय झालं? १९६५ संपेपर्यंत व्हिएतनाममध्ये अमेरिकेचे सुमारे १ लाख ८४ हजार सैनिक पोचले होते. युद्धाची औपचारिक घोषणा कधीच झाली नाही. जॉन्सन यांच्या हातात तोच ठराव होता.

फुलब्राइट यांचं मन आधी डॉमिनिकन रिपब्लिकवरून फिरलं. एप्रिल १९६५ मध्ये जॉन्सन यांनी तिथे सैन्य उतरवलं. समितीने बंद दाराआड चौकशी केली. सरकार सांगतं ते आणि कागदपत्रांत दिसतं ते जुळत नाही, असं फुलब्राइट यांचं मत झालं आणि सप्टेंबरमध्ये त्यांनी सिनेटमध्ये ते उघड बोलून दाखवलं. जॉन्सन यांच्याशी दोस्ती तिथेच संपली. बंद खोलीतल्या चौकशीचा लोकांवर काही परिणाम होत नाही, हेही फुलब्राइट यांच्या लक्षात आलं असावं, कारण पुढची चौकशी त्यांनी टीव्हीवर नेली.

निमित्त होतं पैशांचं. जानेवारी १९६६ मध्ये सरकारने ४१.५ कोटी डॉलरच्या जादा परकीय मदतीचं विधेयक आणलं, त्यातला मोठा वाटा व्हिएतनामसाठी होता. अमेरिकेत खर्चाची मंजुरी संसदेकडे असते आणि मंजुरी द्यायची तर प्रश्न विचारता येतात. पैसे कशाला हवेत, या प्रश्नाचा धागा पकडून समितीने थेट विचारलं, की हे युद्ध नेमकं कशासाठी चाललंय?

साक्षीला आले परराष्ट्रमंत्री डीन रस्क, जनरल मॅक्सवेल टेलर, निवृत्त जनरल जेम्स गॅविन आणि जॉर्ज केनन. संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनमारा यांनी मात्र जाहीर साक्ष द्यायला नकार दिला. यात केनन यांचं येणं सगळ्यात जड गेलं, कारण कम्युनिझमला आहे तिथेच रोखायचं, हे अमेरिकेचं धोरण मुळात त्यांच्याच डोक्यातून निघालेलं. ज्याने सिद्धांत मांडला तोच माणूस कॅमेऱ्यासमोर सांगत होता, की व्हिएतनाम अमेरिकेसाठी एवढं महत्त्वाचं नाही आणि यात आणखी खोल जाणं शहाणपणाचं नाही. युद्धविरोध म्हणजे लांब केसांच्या कॉलेजच्या पोरांचा उद्योग, असं म्हणायची सोय त्या दिवसापासून उरली नाही.

त्याच दिवशी, १० फेब्रुवारीला, टीव्हीवर वेगळंच नाट्य घडलं. एनबीसी केनन यांची साक्ष लाइव्ह दाखवत होतं आणि सीबीएसने त्या वेळेत ‘आय लव्ह लूसी’ या विनोदी मालिकेचा जुना भाग लावला. सीबीएसच्या वृत्तविभागाचे प्रमुख फ्रेड फ्रेंडली यांनी या कारणावरून राजीनामा दिला.

जॉन्सनही गप्प बसले नव्हते. सुनावण्या रंगात असताना ते अचानक होनोलुलूला दक्षिण व्हिएतनामच्या नेत्यांना भेटायला गेले. मथळे पळवण्यासाठीच ही धावपळ आहे, असं तेव्हाही बोललं गेलं. पण महिन्याभरात युद्ध हाताळण्याबाबत त्यांच्यावर समाधानी असणाऱ्यांचं प्रमाण ६३ टक्क्यांवरून ४९ टक्क्यांवर आलं.

मग युद्ध थांबलं का? अजिबात नाही. १ मार्च १९६६ रोजी मोर्स यांनी टोंकिन ठराव रद्द करायची सूचना आणली, ती ९२ विरुद्ध ५ मतांनी बाजूला पडली. त्या पाचांत एक मत फुलब्राइट यांचं होतं. पैसेही मंजूर झाले. १९६९ पर्यंत व्हिएतनाममधल्या सैनिकांची संख्या ५ लाख ४० हजारांच्या पुढे गेली. युद्धात अमेरिकेचे ५८ हजारांहून जास्त सैनिक मेले आणि व्हिएतनामी माणसं त्याच्या कित्येक पट.

आता साहजिकच प्रश्न पडतो, आपल्याकडे असं काही होतं का? होतं, पण दाराआड. १९९३ पासून संसदेत खात्यांनुसार स्थायी समित्या आहेत. परराष्ट्र व्यवहार समितीत ३१ खासदार असतात, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. २०१७ च्या ७३ दिवसांच्या डोकलाम पेचानंतर शशी थरूर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०१८ मध्ये अहवाल दिला. ऑपरेशन सिंदूरनंतर मे २०२५ मध्ये परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री यांनीही समितीला माहिती दिली. पण समितीसमोर येतात ते सहसा अधिकारी, मंत्री नाही, आणि बैठकीचं थेट प्रक्षेपण होत नाही. गुप्ततेच्या दृष्टीने हे बरोबरही असेल. पण लोकांपर्यंत मग अहवाल पोचतो, नाहीतर ‘सूत्रांच्या माहितीनुसार’ वाली बातमी.

अमेरिकेत पुढे काय झालं, तर फुलब्राइट यांनी पिच्छा सोडला नाही. फेब्रुवारी १९६८ मध्ये त्यांनी टोंकिनच्या घटनेवरच मॅकनमारा यांची साक्ष घेतली. ती बंद दाराआड झाली, पण तिचा वृत्तांत काही दिवसांत बाहेर आला. ४ ऑगस्टच्या रात्री खुद्द समुद्रावरच्या कमांडरनेच शंका कळवली होती, खराब हवामानामुळे चुकीचे संकेत मिळाले असावेत, पुढचं पाऊल उचलण्याआधी नीट तपासा, असं. ठरावावर मत देताना ही गोष्ट सिनेटला कुणी सांगितली नव्हती.

जानेवारी १९७१ मध्ये तो ठराव रद्द झाला. त्याच एप्रिलमध्ये समितीसमोर व्हिएतनामहून परतलेला २७ वर्षांचा एक माजी नौदल अधिकारी लष्करी कपड्यांत साक्षीला बसला होता. त्याचं नाव जॉन केरी. २००९ मध्ये ते याच समितीचे अध्यक्ष झाले आणि २०१३ मध्ये परराष्ट्रमंत्री. १९७३ मध्ये संसदेने निक्सन यांचा नकाराधिकार मोडून कायदा केला, की संसदेच्या मंजुरीशिवाय राष्ट्राध्यक्षाला साधारण ६० दिवसांहून जास्त काळ सैन्य लढाईत ठेवता येणार नाही. त्यानंतरच्या राष्ट्राध्यक्षांनी त्यातूनही वाटा शोधल्या, तो वेगळा विषय.

फुलब्राइट यांना हिरो करताना एक गोष्ट विसरता येत नाही. हाच माणूस कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या कायद्यांविरोधात मत देत राहिला. १९७४ मध्ये ते आपल्याच पक्षाच्या उमेदवारी निवडणुकीत हरले, १९९५ मध्ये वारले. २००५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने आपल्याच इतिहासकाराचा गुप्त अभ्यास खुला केला. त्यात लिहिलं होतं, ४ ऑगस्टचा तो दुसरा हल्ला झालाच नव्हता.