केव्हा यावे?

परगावी स्थायिक झालेल्या आप्तांचा एक प्रश्न दरवर्षी ठरलेला असतो. "दादा, बेळगावला केव्हा येऊ?" आमचे बिऱ्हाड कॅम्पात, त्यामुळे पाहुण्यांची वर्दळ नेहमीची. पण या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणे मला कधी जमलेले नाही. कारण "कुठवर जाणार?" हे आधी विचारावे लागते. कॅम्पातून पश्चिमेला जांबोटीमार्गे कणकुंबीकडे निघालात, तर आषाढात हाताचा पंजा दिसू नये असे धुके आणि धारा. त्याच दिवशी ईशान्येला अथणीकडे गेलात, तर शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसलेला. बेळगावात वर्षाला सुमारे पन्नास इंच पाऊस, अथणीकडे जेमतेम त्याच्या निम्मा, आणि कणकुंबीत बेळगावच्या कित्येक पट. एका जिल्ह्याची ही कथा, तर अवघ्या हिंदुस्थानचे काय सांगावे!

बाहेरून येणाऱ्यांना हा धडा महागात पडलेला आहे. वास्को द गामा १४९८ च्या मे महिन्यात कालिकतला पोहोचला. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील मालिंदीहून जाणत्या वाटाड्याच्या साहाय्याने नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर त्याने समुद्र तेवीस दिवसांत ओलांडला. परतताना मात्र त्याला धीर धरवला नाही. आपल्या कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून ऑक्टोबरच्या आरंभीच त्याने शिडे उभारली. ईशान्येचे वारे अजून सुरू व्हायचे होते. तेवीस दिवसांच्या वाटेला सुमारे तीन महिने लागले, आणि तीसेक खलाशी वाटेतच रोगाने गेले. पुढे पोर्तुगीजांनी पंचांग पाठ केले. लिस्बनहून मार्च-एप्रिलमध्ये निघायचे, गोव्याला सप्टेंबरच्या सुमारास लागायचे, हा त्यांचा शिरस्ता झाला.

मराठ्यांचे पंचांग वेगळे. पावसाळा घरी काढून दसऱ्याला सीमोल्लंघन करायचे. आर्थर वेलस्लीने नेमके हे हेरले. नद्या दुथडी भरल्या की मराठ्यांचे घोडदळ अडते, आणि आपण मात्र होड्यांची तजवीज ठेवायची, असा त्याचा हिशेब. म्हणून १८०३ साली ऐन ऑगस्टात, दसऱ्याची वाट न पाहता, त्याने अहमदनगरचा किल्ला घेतला. मन्रोने आमचा बेळगावचा किल्ला १० एप्रिल १८१८ रोजी घेतला तो मात्र मृगाच्या आत.

किल्ला हाती आल्यावर इंग्रजांनी येथे कॅम्प वसवला. त्यामागे लष्करी कारणे होतीच, पण हवाही होती. सुमारे अडीच हजार फुटांची उंची, घाटमाथ्यावरून येणारा वारा, आणि एप्रिलच्या अखेरीस हमखास पडणारा वळीव. कॅम्पातले जुने बंगले पाहा. उंच छपरे, रुंद व्हरांडे. साहेबाने येथे उन्हाळ्याचा आणि पावसाचा एकदमच विचार केलेला दिसतो. मुंबई सरकारचे बिऱ्हाड तर वर्षभर फिरतेच असे. थंडीत मुंबई, उन्हाळ्यात महाबळेश्वर, पावसाळ्यात पुणे. राजपुत्र आले तेही ऋतू पाहून. १८७५, १९०५, १९२१ या तिन्ही वेळी युवराज मुंबईला उतरले ते नोव्हेंबरात. साध्या गोऱ्या शिपायाला मात्र अशी निवड नव्हती. पलटण जाईल तिकडे आणि जाईल तेव्हा त्याने जायचे.

निवड कोणाला असते, हा प्रश्न मला राष्ट्रसभेच्या इतिहासात अधिक ठळक दिसतो. पहिले अधिवेशन १८८५ च्या डिसेंबरात पुण्याला व्हायचे होते. तेथे पटकी उद्भवली, म्हणून ते मुंबईला हलवावे लागले. डिसेंबर का, तर नाताळात कोर्टे बंद, आणि प्रतिनिधींत वकिलांचा भरणा. म्हणजे महिना ठरवला तो सुट्टीने! सवड होती ती शिकलेल्यांची, आणि बरीच वर्षे तीच सर्वांची सवड धरली गेली.

बेळगावचे अधिवेशन २६ व २७ डिसेंबर १९२४ चे. गांधीजींनी अध्यक्षपद भूषविलेले हे एकमेव अधिवेशन. गंगाधरराव देशपांड्यांनी टिळकवाडीच्या माळावर 'विजयनगर' उभे केले. आमच्याकडचा डिसेंबर म्हणजे कोरडी, सुखद थंडी. अडचण पाण्याची. म्हणून विहीर खोदली आणि तिला 'पंपा सरोवर' नाव दिले. लोक आजही तिला काँग्रेस विहीर म्हणतात. पण जो डिसेंबर बेळगावात सुखाचा, तोच लाहोरात हाडे गोठवणारा. १९२९ च्या अखेरीस तेथे अधिवेशन भरले. अंगावर पुरेसे पांघरूण नसलेल्या गरिबांचे हाल पाहून, यापुढे अधिवेशन फेब्रुवारी-मार्चमध्ये भरवावे असे तेथेच ठरले, आणि १९३१ चे कराचीचे अधिवेशन मार्चअखेर उघड्यावर झाले. पूर्ण स्वराज्याच्या ठरावापुढे हा छोटा ठराव पाठ्यपुस्तकात येत नाही. मी मात्र वर्गात तो आवर्जून सांगतो. (पुढे १९३६ ला फैजपूरला पुन्हा डिसेंबर आला, हे विद्यार्थ्यांनी मला विचारण्याआधीच सांगून टाकतो.)

हल्ली बेंगळूरचे विधिमंडळ हिवाळ्यात बेळगावला येते आणि मुंबईचे नागपूरला जाते. दोन्ही सरकारांचे निदान हवेबाबत एकमत दिसते! असो.

निपाणीच्या शेतकऱ्यांचा हंगाम मात्र हवेने ठरला नव्हता. १९८१ च्या मार्चमध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली ते पुणे-बेंगळूर रस्त्यावर येऊन बसले. तंबाखू शेतातून निघाली होती आणि दर पाडून मागितला जात होता. भाव मागायचा तर माल वखारीत जाण्याआधी, मग डोक्यावर चैत्राचे ऊन असले तरी. तीन आठवड्यांवर माणसे बायकापोरांसह त्या डांबरी रस्त्यावर राहिली. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला. त्यात १२ शेतकरी गेले.