पंचेचाळीस मिनिटांत नाईट कॅपिटल

(वेळा न्यूयॉर्कच्या. तिथे सकाळी साडेनऊला बाजार उघडतो, तेव्हा ऑगस्टमध्ये आपल्याकडे संध्याकाळचे सात वाजलेले असतात.)

२००३ ते २००५
जर्सी सिटीची नाईट कॅपिटल ही शेअर दलालीतली बडी पेढी. २०११-१२ मध्ये अमेरिकी बाजारातल्या शेअर उलाढालीपैकी सुमारे दहा टक्के तिच्या हातून व्हायची. ऑर्डर बाजारात पाठवणाऱ्या तिच्या संगणक प्रणालीचं नाव स्मार्स. तिच्यात ‘पॉवर पेग’ नावाची एक सोय होती. २००३ मध्ये ती वापरणं थांबलं, पण कोड कुणी काढून टाकला नाही. ऑर्डरीएवढे शेअर झाले की पुढची खरेदी-विक्री थांबवणारा, मोजदाद ठेवणारा भाग २००५ मध्ये दुसरीकडे हलवण्यात आला. त्यानंतर पॉवर पेग कुणी तपासून पाहिला नाही. बंदच तर आहे, कशाला तपासायचा!

ऑक्टोबर २०११
आपत्कालीन व्यवस्थेची चाचणी शनिवार-रविवारी झाली आणि सोमवारी बाजार उघडला तरी आपोआप भाव देणारी एका विभागातली यंत्रणा चाचणीचाच डेटा वापरत राहिली. सुमारे ७५ लाख डॉलर गेले. पेढीने हात झटकले नाहीत, दुरुस्ती केली: त्या यंत्रणेच्या वेळा बांधून दिल्या, सौदा झाला की भाव देणं थांबेल अशी सोय केली, तपासणीच्या यादीत चाचणीच्या डेटाची एक ओळ वाढवली. म्हणजे ती एक चूक पुन्हा होणार नाही एवढा बंदोबस्त झाला. दुसऱ्या कुठल्या यंत्रणेत असंच काही दबा धरून बसलंय का, हा प्रश्न मात्र वरच्या मजल्यावर व्यापकपणे कुणी विचारला नाही. माझ्या मते घात इथेच झाला. पुढचं सगळं त्याचं व्याज.

मे २०१२
फेसबुकचे शेअर बाजारात येताना नॅसडॅकच्या यंत्रणेने गोंधळ घातला. नाईटला साडेतीन कोटी डॉलरचा फटका बसला. मुख्याधिकारी थॉमस जॉइस यांनी नॅसडॅकवर जाहीर तोंडसुख घेतलं.

२७ जुलै २०१२ पासून
किरकोळ गुंतवणूकदारांसाठी न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजची नवी योजना १ ऑगस्टला सुरू होणार होती. तिच्यासाठीचा नवा कोड टप्प्याटप्प्याने आठ सर्व्हरवर चढवायचा होता. तो सात सर्व्हरवर चढला आणि आठवा राहून गेला. दुसऱ्या माणसाने काम तपासावं असा लेखी नियम नव्हता, म्हणून कुणी तपासलं नाही.

शिवाय नवा कोड चालू करण्यासाठी खूण वापरली ती जुन्या पॉवर पेगचीच. विहिरीतली जुनी मोटर न काढता तिचंच बटण ओसरीवरच्या नव्या दिव्याला द्यावं, तसा हा प्रकार. आठव्या सर्व्हरवर दिवा नव्हताच, फक्त मोटर होती.

१ ऑगस्ट, सकाळी ८.०१
कर्मचाऱ्यांच्या एका गटाला आपोआप ईमेल जायला लागले. त्यांत स्मार्सचा उल्लेख होता आणि चूक लिहिली होती: ‘पॉवर पेग डिसेबल्ड’. बाजार उघडेपर्यंत असे ९७ ईमेल गेले. ते धोक्याचा इशारा म्हणून बनवलेले नव्हते, आणि असले ईमेल सहसा कुणी वाचत नसे. जवळपास दीड तास हाताशी होता. नऊ वर्षं न वापरलेल्या गोष्टीचं नाव आज का येतंय, एवढंच कुणीतरी विचारायला हवं होतं.

९.३०
बाजार उघडला. आठव्या सर्व्हरने ऑर्डर सोडायला सुरुवात केली. थांबवणारी मोजदाद नसल्यामुळे एकेका ऑर्डरीमागे हजारो ऑर्डर बाहेर पडत राहिल्या. साडेतीन डॉलरच्या आसपासचा विझर्ड सॉफ्टवेअरचा शेअर चौदाच्या वर गेला.

नको असलेले सौदे एका अंतर्गत खात्यात साठत होते. त्या खात्याला २० लाख डॉलरची मर्यादा होती, पण ती ओलांडली की ऑर्डर आपोआप थांबतील अशी जोडणीच नव्हती. पडद्यावर आकडे फुगताना वरिष्ठांना दिसत होते. आकडे दाखवणारी ती यंत्रणा माणसाच्या नजरेवर चालायची, घंटा वाजवायची नाही. जॉइस गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर घरी होते.

त्यानंतर
अशा वेळी काय करायचं, याची लेखी पद्धत नव्हती. सगळी भिस्त तांत्रिक मंडळींवर, आणि ती चालू बाजारात बिघाड शोधत होती. नव्या कोडमध्ये खोट असावी असं वाटून तो सात सर्व्हरवरून काढला गेला. तिथे तो बरोबर चढलेला होता! तो निघाल्यावर त्या सातही सर्व्हरवर पॉवर पेग जागा झाला. आधी प्लग काढा, कारण मागाहून शोधा, हे सांगण्याचा अधिकार कुणाचा, हे बाजार उघडण्यापूर्वी ठरवायचं असतं. ते काम इंजिनिअरचं नव्हे, पेढी चालवणाऱ्यांचं.

सुमारे १०.१५
ऑर्डर थांबल्या. आलेल्या मूळ ऑर्डर होत्या २१२. त्यांपायी झाले ४० लाखांहून अधिक सौदे, १५४ कंपन्यांचे ३९.७ कोटींहून जास्त शेअर. पेढीच्या गळ्यात सुमारे ३५० कोटी डॉलरची खरेदी आणि ३१५ कोटींची विक्री पडली होती. सहा कंपन्यांमधले सौदे रद्द झाले, बाकीचे कायम राहिले. गोल्डमन सॅक्सने पडत्या भावात बोजा उचलला. तोटा ४६ कोटी डॉलरहून अधिक, तेव्हाचे अडीच हजार कोटी रुपये.

२ ते ६ ऑगस्ट
३१ जुलैला १०.३३ डॉलरवर असलेला नाईटचा शेअर २ ऑगस्टला २.५८ वर बंद झाला. सहा तारखेला जेफरीज, ब्लॅकस्टोन, गेटको वगैरेंनी ४० कोटी डॉलर ओतून पेढी तगवली आणि तिची बहुतांश मालकी पदरात पाडून घेतली.

५ ऑक्टोबर २०१२
मुंबईत एका दलाल पेढीच्या चुकीच्या ऑर्डरींनी निफ्टी क्षणात १५ टक्क्यांहून अधिक कोसळला आणि एनएसईवरचे व्यवहार पंधरा मिनिटं थांबले. जर्सी सिटीच्या बातम्या दोनच महिन्यांपूर्वीच्या होत्या.

जुलै २०१३
नाईट गेटकोत विलीन झाली. जॉइस पायउतार झाले.

१६ ऑक्टोबर २०१३
अमेरिकेच्या रोखे आयोगाने १ कोटी २० लाख डॉलर दंड ठोठावला. बाजारात थेट ऑर्डर पाठवणाऱ्या दलालांनी जोखमीला लगाम घालावा, या २०१० च्या नियमाखालची ही पहिली कारवाई. ऑगस्टच्या अपघाताआधीच्या चुकांतून पेढीने काय तपासायला हवं होतं, तेही त्या आदेशात नोंदलेलं आहे.