ओझं पेलते ती हवा!

गेल्या वर्षी ऊसतोडीच्या हंगामात गावी गेलो होतो. थोरल्या चुलतभावाच्या ट्रॉलीचा एक टायर आदल्याच दिवशी भर रस्त्यात फुटला होता. ट्रॉली एका अंगाला झुकली आणि बाजूनं चाललेला एक सायकलवाला थोडक्यात वाचला. दुसऱ्या दिवशी दादा मला तालुक्याच्या गावी टायरच्या दुकानात घेऊन गेला. दुकानदारानं ७.५०-१६ या एकाच मापाचे तीन टायर पुढे ठेवले. एक जुनाच, पण वर नवी नक्षी चढवलेला. दुसरा हलक्या टेम्पोचा. तिसरा खास ट्रॉलीचा आणि सर्वांत महाग. पहिल्याच्या खाचांत अंगठा घालून दादा म्हणाला, "नक्षी बघ कशी खोल आहे! तू एवढा शास्त्रज्ञ, सांग यातला कुठला घेऊ?"

या साध्या प्रश्नाचं उत्तर टायरच्या इतिहासात दडलेलं आहे. तो थोडक्यात पाहू या.

बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोहार तापवून बसवतो ती लोखंडी धाव आपण पाहिलेली असते. ती टिकाऊ असते, पण ताठ. वाटेत दगड आला की चाकाला त्यावर चढावं लागतं, म्हणजे त्या बाजूची गाडी मालासकट उचलली जाते. दगड ओलांडला की ती आदळते. उचलण्यासाठी खर्च झालेली ऊर्जा धक्क्यात आणि आवाजात वाया जाते. ती पुरवायची कोणी? बैलांनी.

यावर उपाय शोधला स्कॉटलंडच्या रॉबर्ट विल्यम थॉमसन या तरुण अभियंत्यानं. १८४५ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यानं हवा भरलेल्या चाकाचं पेटंट घेतलं. रबर लावलेल्या कापडाची नळी, तिच्यात हवा आणि वर कातड्याचं आवरण अशी ती रचना होती. पाठोपाठ त्यानं घोडागाडीला अशी चाकं लावून लंडनमध्ये प्रयोग केले. साधी चाकं आणि हवेची चाकं ओढायला किती बल लागतं, हे मोजून पाहिलं. फरक खडबडीत रस्त्यावर सर्वांत जास्त दिसला. हवेचं चाक दगडावर चढत नव्हतं, दगडालाच पोटात घेत होतं.

तरीही हा शोध मागे पडला. चांगलं रबर महाग होतं, सायकली आणि मोटारी यायच्या होत्या, आणि घोड्याचे कष्ट वाचवायला कोणी एवढे पैसे मोजत नव्हतं. थॉमसन पुढे भरीव रबराच्या धावांकडे वळला. त्याच्या पद्धतीची रस्त्यावर चालणारी वाफेची इंजिनं १८७० नंतरच्या काही वर्षांत पंजाबातही आली. क्रॉम्प्टन नावाचा लष्करी अधिकारी त्यांच्यामागे गाड्या जोडून वाहतूक करत असे. म्हणजे इंजिनामागची ट्रॉली आपल्या उपखंडाला दीडशे वर्षांपासून ठाऊक आहे!

हवेचा टायर पुन्हा जन्माला आला तो १८८८ साली बेलफास्टमध्ये. जॉन बॉइड डनलॉप हा व्यवसायानं जनावरांचा डॉक्टर. मुलाची तीनचाकी सायकल दगडी फरशीवरून फार हादरते म्हणून त्यानं लाकडी चकतीवर हवेची रबरी नळी बसवली आणि ती अंगणात घरंगळत सोडून पाहिली. भरीव रबराच्या चाकापेक्षा ती बरीच लांब गेली. त्याला पेटंट मिळालं, पण थॉमसनचं जुनं पेटंट उजेडात आल्यावर दोनच वर्षांत ते रद्द ठरलं. सायकलींची लाट मात्र आली होती. १८९५ साली मिशेलिन बंधूंनी पॅरिस–बोर्दो–पॅरिस शर्यतीत हवेचे टायर लावलेली मोटार उतरवली. वाटेत पंक्चरनी त्यांना हैराण केलं, पण मोटारही हवेवर चालू शकते, हे सिद्ध झालं.

आता मुद्द्याकडे येऊ. गाडीचा भार पेलतं कोण? रबर? हवा काढून टाका, तेच रबर पापडासारखं चेपतं. भार मुख्यतः हवा पेलते. टायर हे तिला कोंडून ठेवणारं भांडं आहे. समजा, ट्रॉलीच्या एका चाकावर १२०० किलो भार आहे आणि आत हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ५ किलो आहे. मग जमिनीला टेकलेला भाग सुमारे २४० चौरस सेंटिमीटर असणार. हे वर्गातही पडताळता येईल. सायकलच्या चाकाला ओला खडू फासून त्याचा ठसा आलेख-कागदावर घ्या, चौकोन मोजा आणि आलेल्या क्षेत्रफळाला दाबानं गुणा. चाकाखाली वजनकाटा ठेवून उत्तर ताडून पाहा. टायरच्या भिंतीही थोडा भार घेतात, त्यामुळे उत्तर तंतोतंत येणार नाही, पण जवळपास येईल.

जास्त भार पेलायचा तर जास्त दाबाची हवा हवी आणि ती कोंडायला भांडंही मजबूत हवं. सुरुवातीच्या टायरमध्ये उभ्या-आडव्या धाग्यांचं विणलेलं कापड असे. चाक फिरताना धागे एकमेकांना घासत, तापत आणि तुटत. पुढे धागे न विणता एका दिशेनं मांडून त्यांचे थर रबरात बसवू लागले. सुती थर जितके जास्त, तितका टायर दणकट. टायरवर 'प्लाय रेटिंग' म्हणून जो आकडा असतो, तो तेव्हापासूनचा. सुताची जागा नायलॉननं घेतली, थर कमी झाले. आकडा मात्र ताकदीचं माप म्हणून राहिला. म्हणून '१६ प्लाय'च्या टायरमध्ये आज सोळा थर असतीलच असं नाही.

दादाचं उत्तर यातूनच मिळालं. ट्रॉलीचं चाक ट्रॅक्टरच्या मागच्या चाकासारखं जमीन पकडून गाडी ओढत नाही, ते नुसतं फिरतं आणि भार वाहतं. तेव्हा खोल नक्षीपेक्षा भार महत्त्वाचा. टेम्पोचा टायर मापानं बसला असता, पण त्याचं प्लाय रेटिंग कमी होतं. नक्षी चढवलेल्या टायरच्या भिंतीवर बारीक भेगा होत्या. त्यावर छापलेल्या चार आकड्यांवरून तो केव्हाचा ते कळलं. पहिले दोन आकडे वर्षातला आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. तो दहा वर्षांपूर्वीचा निघाला. नक्षी नवी, पण सांगाडा म्हातारा!

दादानं ट्रॉलीचे दोन टायर घेतले. एकाच आसावर दोन्ही सारखेच हवेत. हवा कमी असेल तर भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, तापते आणि आतले थर सुटतात. म्हणून दाब टायर थंड असतानाच तपासायचा, हेही त्याला सांगितलं. पैसे देताना तो म्हणाला, "मग आता आणखी एक टन ऊस घालता येईल की!"

मला टायरची बैलगाडी आठवली. धावेची जागा टायरनं घेतली, गाडी हलकी चालू लागली आणि आपण तिच्यावर जास्त माल लादला. वाचलेले कष्ट बैलांच्या वाट्याला फारसे आलेच नाहीत. हवेनं दिलेली सोय आपण अशी ओझ्यात खर्च करतो.

मी दादाला टायरच्या भिंतीवर छापलेला भाराचा आकडा दाखवला. त्याच्यापुढे हवेचं काही चालत नाही, आणि बाजूनं चाललेल्या सायकलवाल्याचंही.