पालपट्टी

1802 सालची दिवाळी पुणेकरांच्या वाट्याला तोफांच्या आवाजात आली. 25 ऑक्टोबरला हडपसरच्या बाजूस यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजा मोडल्या व दुसरे बाजीराव पुणे सोडून पळाले, एवढे आपण शाळेत शिकतो. त्याच्या सतरा दिवस आधी, 8 ऑक्टोबरला, आमच्या बारामतीपाशी होळकरांचे सरदार फत्तेसिंग माने यांनी पेशव्यांच्या फौजेला मागे रेटले होते. ते मात्र पाठ्यपुस्तकात येत नाही. होळकरांच्या या स्वारीमागे विठोजीच्या निर्घृण वधाचे शल्य होते, हे विसरून चालणार नाही. पण शल्य कोणाचेही असो, उभी पिके गेली ती कुणब्यांची. पुढच्या वर्षी पाऊस हुकला, दुष्काळ पडला आणि इंदापूरकडची गावे ओस पडली.

त्या धामधुमीत पेंढारी होतेच. पेंढारी म्हणजे कोण, असे वर्गात विचारले की मुले 'लुटारू' म्हणून मोकळी होतात. उत्तर चूक नाही; अर्धे आहे. पेंढारी फौजेबरोबर असे, फौजेत नसे. त्याला पगार नाही. उलट सरदाराच्या छावणीशेजारी पाल ठोकून लूट करण्याच्या मोकळिकीबद्दल तोच आपल्या लुटीतला वाटा भरी. त्या वाट्याला पालपट्टी म्हणत. सरदाराने नाव आणि आसरा द्यायचा, पेंढाऱ्याने घोडा आणि भाला आणायचा. शिंदेशाही पेंढारी, होळकरशाही पेंढारी ही त्यांची ओळखसुद्धा आसरा देणाऱ्याच्या नावावरून पडलेली.

हे सारे आठवायला कारण घडले ते माझ्या मावसभावाच्या दुकानात. इंदापूरला त्याचे खते-औषधांचे दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी संगणक उघडला, तो शेतकऱ्यांच्या उधारीचा एकही हिशेब उघडेना. पडद्यावर इंग्रजी मजकूर: तुमच्या फायलींना कुलूप लावले आहे, किल्ली हवी असेल तर बिटकॉइनमध्ये पैसे भरा. मला फोन करून तो म्हणाला, "दादा, मी कुणाचं काय वाकडं केलंय?"

कोणाचेच नाही. पेंढारीही गावाचे नाव विचारून येत नसे.

या विद्येची सुरुवात 1989 सालची. जोसेफ पॉप नावाच्या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने एड्सची माहिती म्हणून सुमारे 20,000 फ्लॉपी टपालाने पाठवल्या. त्या संगणकात घातल्या की काही दिवसांनी संगणक अडे आणि पनामातील टपालपेटीवर 189 डॉलर पाठवण्याचा हुकूम पडद्यावर येई. लिहिणाराही तोच, पाठवणाराही तोच. आजचा कारागीर स्वतः दरोड्याला जात नाही. तो कुलूप लावणारा प्रोग्राम बनवतो, खंडणीची बोलणी करायची जागा उभारतो, पैसे न देणाऱ्यांचे कागद चव्हाट्यावर मांडायचे पान चालवतो आणि हे सगळे भाड्याने देतो. दरोडा घालणारे वेगळे. त्यांना घरफोडीची किल्ली, म्हणजे चोरलेले पासवर्ड, विकणारे आणखी तिसरेच. 'लॉकबिट' नावाच्या टोळीत मालकाचा वाटा खंडणीच्या शेकडा 20 असे. पालपट्टीच ती!

मोठ्यांचीही यातून सुटका नाही. आमच्या बारामतीची एमआयडीसी ज्या महामंडळाची, त्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळावर मार्च 2021 मध्ये असाच घाला पडला आणि मुंबईच्या मुख्यालयासह 16 प्रादेशिक कार्यालयांचे काम अडले. जुलै 2024 मध्ये छोट्या बँकांना सेवा पुरवणाऱ्या एका कंपनीवर हल्ला झाला. खबरदारी म्हणून तिला देशाच्या देवघेवीच्या जाळ्यातून तोडले, तेव्हा सुमारे 300 बँकांचे ग्राहक खोळंबले.

मग पैसे देऊन मोकळे का होऊ नये? मावसभावाने हेच विचारले. मी त्याला 'चेंज हेल्थकेअर' या अमेरिकन कंपनीची गोष्ट सांगितली. 2024 मध्ये तिने 2 कोटी 20 लाख डॉलर भरले. टोळीच्या मालकाने ती सगळी रक्कम घशात घातली आणि दरोडा घालणाऱ्या साथीदाराला ठेंगा दाखवला. चोरलेली माहिती त्या साथीदाराकडेच राहिली आणि थोड्याच दिवसांत दुसऱ्या टोळीच्या नावाने कंपनीकडे पुन्हा मागणी आली.

पेंढाऱ्यांचा बंदोबस्त 1817-18 मध्ये इंग्रजांनी केला. चितू रानात पळाला, त्याला वाघाने खाल्ले. अमीरखान मात्र टोंकचा नवाब झाला. लॉकबिटच्या जागेवर फेब्रुवारी 2024 मध्ये ब्रिटन-अमेरिकेच्या पोलिसांनी कब्जा केला, तर आठवड्याच्या आत टोळीने दुसरीकडे पाल ठोकले.

तेव्हा आपले धान्य आपणच राखायचे. जुनी माणसे पांढरीत पेव खणत, तोंड बुजवून वरून सारवत. घरातली कणगी लुटली गेली तरी पेवात बी राही. मावसभावाकडेही दुसरी प्रत होती. पण ती ज्या पेनड्राइव्हवर होती तो वर्षभर संगणकालाच टोचलेला, म्हणून त्यालाही कुलूप बसले. पेवाचे तोंड उघडे ठेवून वर दिवा लावण्यातलाच हा प्रकार! प्रत घ्यावी, काढून वेगळी ठेवावी आणि ती उघडते की नाही हे मधूनमधून पाहावे. चोर शिरला कोठून? हिशेबाचे सॉफ्टवेअर बसवणारा, दुरून दुरुस्ती करता यावी म्हणून, एक दिंडी उघडी ठेवून गेला होता आणि पासवर्ड होता दुकानाचे नाव व 123. आता ती दिंडी बंद आहे, पासवर्डनंतर मोबाइलवर आलेला आकडाही द्यावा लागतो आणि संगणकाचे अपडेट 'उद्या' म्हणून ढकलले जात नाहीत.

त्या सकाळी त्याने एक गोष्ट बरोबर केली: इंटरनेटची तार उपटली, पण काही पुसले नाही. मजकुराचा फोटो काढून 1930 क्रमांकावर तक्रार नोंदवली. युरोपच्या पोलिसांनी इतरांसह 2016 मध्ये सुरू केलेल्या 'नो मोअर रॅन्सम' या ठिकाणी काही टोळ्यांच्या किल्ल्या फुकट मिळतात. तेथेही आम्ही पाहिले. याच्या कुलपाची किल्ली नव्हती.

पैसे भरले नाहीत. मार्चपर्यंतचा हिशेब करसल्लागाराकडे निघाला. पुढच्या पाच महिन्यांसाठी त्याने दुकानाबाहेर फळा लावला, आणि शेतकरी आपापल्या चिठ्ठ्या घेऊन आले. सगळे नाही आले. पण काहींनी चिठ्ठी नसताना तोंडी आकडा सांगितला, तो लिहून घेताना त्याचा हात थांबत होता.

गेल्या लक्ष्मीपूजनाला मी तेथे होतो. पाटावर लाल वही होती, शेजारी नवी हार्डडिस्क. वहिनींनी तिलाही हळदकुंकू वाहायला चिमूट उचलली, तसा तो ओरडला, "अगं, वरच्या वर! आत जाईल ते!"